बाबांची ट्रंक, विक्रांत आणि ४ डिसेंबर – जाणकारांनी जरा सांगा

कोपरीकर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

माझे बाबा नेव्हीत होते, ६८ साली भरती झाले आणि ७१ च्या लढाईत आयएनएस विक्रांतवर होते, बॉयलर रूममध्ये. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी गेले. वर्षश्राद्ध झालं आणि आई म्हणाली आता ती माळ्यावरची ट्रंक काढ बघू, तर मागच्या रविवारी काढली. काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आत वरती त्यांचा स्वेटर, खाली काळ्या पानांचा अल्बम, फोटो बरेचसे पानाला चिकटून बसलेत, रुमालात बांधून ठेवलेली दोन मेडल्स, एक पूर्वी स्टार आणि एक संग्राम मेडल, टोपीची काळी पट्टी जिच्यावरची सोनेरी अक्षरं आता पुसट झालीयेत, आणि एक छोटी वही. वहीत अर्ध्याहून जास्त पानं नुसती आकड्यांची, मधेमधे मेसमधल्या मित्रांचे पत्ते, मुक्काम पोस्ट अमुक तालुका तमुक. आणि एका पानावर अकरा नावांची यादी. दहा नावांपुढे बरोबरची खूण, एका नावावर काट मारलीये आणि ते नाव बाबांचं. बाजूला दुसऱ्याच कोणाचं तरी नाव परत लिहिलंय. त्या पानाच्या कोपऱ्यात अंगठ्याचा काळा ठसा आहे, तेलाचा असावा, अजून त्याच्यातल्या रेषा दिसतात. मी पाऊण तास तो ठसाच बघत बसलो होतो.

बाबा लढाईबद्दल बोलायचेच नाहीत हो. लहानपणी विचारलं बाबा विमानं कशी उडायची बोटीवरून, तर म्हणायचे मला काय माहीत, मी खाली होतो, आम्ही वाफ बघितली, विमान नाही. विषय संपला. २००३ की ०४ ला नेव्ही वीकमध्ये विक्रांत बघायला लोकांना सोडायचे तेव्हा आम्ही तिघं गेलो होतो, मला वाटलं आता बाबा सगळी बोट फिरवून दाखवतील, तर ते एका लोखंडी दरवाजापाशी थांबले, खाली जायचा रस्ता बंद होता, त्या दरवाजावर तळहात टेकवून उभे राहिले आणि मग म्हणाले चला. आणि १४ साली दारूखान्यात विक्रांत तोडायला घेतल्याच्या बातम्या टीव्हीवर लागल्या तेव्हा उठून गॅलरीत गेले, जेवायला पण उशिरा आले.

तर विचारायचं असं आहे की आमच्या सोसायटीत ४ डिसेंबरला नौदल दिनाला दरवर्षी झेंडावंदन आणि एक भाषण होतं, या वर्षी सेक्रेटरी म्हणाले तुमच्या बाबांच्या नावाने काहीतरी करूया. मला फुलांचा हार घातलेला फोटो आणि दोन शब्द एवढंच नकोय. विक्रांतचं काही शिल्लक आहे का कुठे, जिथे आईला नेता येईल? या वस्तू खराब न होता कशा ठेवायच्या? आणि बाबांसारखी जी माणसं खाली काम करत होती, ज्यांना ना मेडल मिळालं शौर्याचं ना कुठे नाव आलं, त्यांच्याबद्दल बोलायचं तर माहिती कुठून काढायची? त्या आकड्यांचा अर्थ कोणाला कळत असेल तर तोही सांगा.

चीफ_खारघर

कोपरीकर, तुझ्या बाबांना माझा सॅल्यूट. आणि आईंना नमस्कार सांग.

मी इथे खारघरला जलवायू विहारला राहतो, ७४ ला जॉइन झालो, विक्रांतवर ७८ ते ८१. म्हणजे ७१ ला मी शाळेतच होतो पण माझे चीफ, माझे पेटी ऑफिसर सगळे ७१ चे होते आणि त्यांनी आम्हाला रात्रीच्या वॉचमध्ये, म्हणजे कामाच्या पाळीत, जे सांगितलं ते मी तुला सांगतो, कारण तुझ्या बाबांनी सांगितलं नाही म्हणतोस.

विक्रांतला चार बॉयलर. ७० साली जूनमध्ये मुंबईला डॉकमध्ये असताना बॉयलरच्या वॉटर ड्रमला भेगा सापडल्या. धातू थकतो तेव्हा पडतात तसल्या बारीक भेगा, आणि त्या वेल्डिंग करून भरता येणाऱ्या नव्हत्या. नवे ड्रम इंग्लंडहून मागवले पण ते येईपर्यंत काय, शिप महिनोन्‌महिने उभीच. इकडे पूर्व पाकिस्तानात परिस्थिती बिघडत चाललेली. शेवटी ७१ च्या मार्चमध्ये त्याच जुन्या ड्रमवर बॉयलर परत पेटवले, कमी प्रेशरवर, ट्रायल घेतल्या, आणि ठरलं की वाफेचं प्रेशर ४०० पीएसआयच्या (दाबाचं माप) वर न्यायचं नाही. मूळची चोवीस पंचवीस नॉटची शिप, ती चौदा सोळा नॉटवर आली. अशा अवस्थेत ती लढाईला गेली, हे लोकांना माहीतच नसतं.

आता हे समजून घे की विमानवाहू जहाजाला वेग का लागतो. विमान उडवायचं तर शिप वाऱ्याच्या दिशेने जोरात न्यायची म्हणजे डेकवर समोरून वारा मिळतो आणि विमानाला उचल मिळते. शिप हळू तर वारा कमी, वारा कमी तर विमान जड नेता येत नाही, अलिझेसारखं विमान तर आणखी अवघड. म्हणून खालच्या माणसाच्या हातात सगळं होतं. प्रेशर पाच दहाने पडलं तरी वर फरक पडतो, आणि जास्त चढवलं तर भेग उघडायची भीती, आणि ती उघडली तर सगळ्यात आधी कोण जाणार, तर बॉयलर रूममधली पोरं. हे प्रत्येकाला माहीत होतं आणि चार तासांचा वॉच संपला की परत आठ तासांनी तीच पोरं तिथेच उतरायची. गरमी पन्नास डिग्रीच्या आसपास, आवाज एवढा की खुणांनी बोलायचं. आणि हो, विक्रांतचं कॅटपल्ट, म्हणजे डेकवरून विमान फेकणारं यंत्र, वाफेवरच चालायचं. सीहॉक हे लढाऊ विमान डेकवरून सुटायचं ते खालून गेलेल्या वाफेच्या धक्क्यावर. तुझे बाबा म्हणाले ना आम्ही वाफ बघितली विमान नाही, अरे तीच वाफ.

वहीतले आकडे बहुतेक वॉचमधले रीडिंग असतील, प्रेशर, फीड वॉटर, टेम्परेचर. ते अधिकृत लॉगमध्ये लिहायचे असतात पण काही जण स्वतःच्या वहीत पण उतरवून ठेवायचे, म्हणजे आपल्या बॉयलरचा स्वभाव कळतो. एखाद्या पानाचा फोटो टाक, मी वाचून देतो. कुठे ४०० च्या जवळपासचे आकडे सारखे दिसले तर समज काय आहे ते.

लढाईचं थोडक्यात सांगतो. विक्रांत ईस्टर्न फ्लीटमध्ये गेली आणि अंदमानच्या बाजूला लपून राहिली. तिला शोधायला पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमपर्यंत आली आणि ३-४ डिसेंबरच्या रात्री तिथेच बुडाली, आतल्या सगळ्यांसकट. ४ डिसेंबरला विक्रांतच्या सीहॉकनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ला केला आणि पुढचे दिवस चितगाव, मोंगला, खुलना ही बंदरं बंद पाडली, समुद्रातून ना कुमक आत ना सैन्य बाहेर. विक्रांतच्या लोकांना दोन महावीर चक्र आणि बारा वीर चक्र मिळाली. महावीर चक्र म्हणजे कॅप्टन स्वराज प्रकाश आणि सीहॉक स्क्वाड्रनचे लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता. त्यांनी कमावलेलंच होतं ते, त्यात वादच नाही. पण जहाजावर हजाराच्या वर माणसं होती रे.

यादीचं मात्र कळत नाही. अकरा नावं म्हणजे एका वॉचची माणसं असावीत. काट का मारली ते माहीत नाही, विचार करतो.

मृणाल_कळवा

चीफकाकांचं वाचून अंगावर काटा आला. मी यात एक भर घालते, कारण जहाजावरची माणसं म्हटलं की डॉकयार्डवाल्यांना सगळे विसरतात.

आमचे अण्णा नेव्हल डॉकयार्डमध्ये फिटर होते, कळव्याहून रोज लोकल, डबा आणि गळ्यात पास. त्यांची विक्रांतची पहिली गोष्ट ६५ ची आहे. लढाई चालू होती आणि पाकिस्तानने जाहीर केलं की विक्रांत बुडवली. आमची आजी शेजारच्यांच्या रेडिओवरून हे ऐकून घरी रडत बसलेली, कारण तिला एवढंच ठाऊक की मुलगा विक्रांतवर कामाला जातो. आणि विक्रांत तर मुंबईत रिफिटला होती! अण्णा संध्याकाळी नेहमीच्या गाडीने घरी आले, हाताला ग्रीस, आणि आजी त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली तर ते म्हणाले अगं आत्ता तिच्यावरूनच उतरून आलो, काही झालेलं नाही तिला. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक गणपतीत सांगितली जाते.

७० च्या भेगांच्या वेळी अण्णा पण होते. ते सांगायचे की ड्रमच्या आत माणूस सरपटत जायचा, हातात टॉर्च, आणि भेग डोळ्याला दिसायची नाही तर ती दाखवणारं रसायन लावून बघायचे. आणि बाहेर आल्यावर कोणी काही बोलायचं नाही. दुसऱ्या देशाला कळता कामा नये ना की आपली एकुलती एक विमानवाहू बोट आजारी आहे. घरीसुद्धा नाही सांगितलं, आईला ७२ मध्ये कळलं.

कोपरीकर, तुमच्या कार्यक्रमात डॉकयार्डचं नाव घ्या, प्लीज. कळवा मुंब्रा डोंबिवली कल्याण इथून किती माणसं जात होती तिथे, आता सगळी ऐंशीच्या पुढची. अण्णा १२ साली गेले. मी त्यांचं काहीच रेकॉर्ड करून ठेवलं नाही, हातात मोबाइल असून. ते अजून टोचतं.

सौरभ_नौपाडा

मी लहान आहे तुम्हा सगळ्यांपेक्षा, पण एक प्रश्न कायम पडतो. एवढी मोठी ऐतिहासिक बोट तोडलीच का? आपल्या ठाणे खाडीत, ऐरोलीला किंवा वाशीला आणून म्युझियम करता आलं नसतं का? अमेरिकेत तर करतात. माझ्याकडे बाबांची जुनी बजाज व्ही १५ मोटरसायकल आहे, तिच्या टाकीत विक्रांतचं स्टील वापरलंय असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं, बाबांनी फक्त त्यासाठी घेतली होती ती, मी अजून चालवतो आणि विकणार नाही.

सीवूड्स_४०

सौरभ, प्रश्न चांगला आहे आणि याचं उत्तर मला मनापासून द्यायचंय, कारण विक्रांत वाचवा म्हणून सह्या गोळा करणाऱ्यांमध्ये मीही होतो, २०१३-१४ मध्ये नेरूळ स्टेशनबाहेर संध्याकाळी उभे राहायचो आम्ही.

आधी खाडीचं. विक्रांतला पाण्यात सात मीटरच्या वर खोली लागते आणि आपली खाडी म्हणजे गाळ. ओहोटीला वाशीच्या पुलावरून बघ, नुसता चिखल आणि त्यात फ्लेमिंगो. आणि पुलाखालून ती वर येणार कशी, तिचं आयलंड (डेकवरची उंच इमारत) आणि मास्टच पुलाच्या कितीतरी वर. ऐरोलीपर्यंत तर विषयच नाही. न्यूयॉर्कला इंट्रेपिड नावाचं दुसऱ्या महायुद्धातलं विमानवाहू जहाज ८२ पासून म्युझियम आहे, ते २००६ मध्ये दुरुस्तीला हलवायला गेले तर ते गाळात एवढं रुतलेलं की टगबोटी ओढून दमल्या, महिनाभर गाळ उपसला तेव्हा हललं. त्यांच्याकडे हडसन नदी आहे, आपल्याकडे ठाणे खाडी.

आता तोडलीच का. विक्रांत ९७ च्या ३१ जानेवारीला निवृत्त झाली, २००१ पासून म्युझियम म्हणून ठेवली, २०१२ मध्ये बोटीची हालत धोकादायक म्हणून लोकांना बंद केली. राज्य सरकार म्हणालं खर्च परवडत नाही. प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथे २०१४ च्या जानेवारीत फेटाळलं गेलं, लिलावात साधारण ६० कोटींना गेली, मग सुप्रीम कोर्टात थोडे दिवस स्थगिती, ऑगस्टमध्ये तीही उठली. नोव्हेंबरमध्ये कटर लागले. ६० कोटी! मी तेव्हा फार चिडलो होतो.

आता इतक्या वर्षांनी मला वाटतं की चूक २०१४ ला झाली नाही, ती ९७ ला झाली. लोखंडी बोट खाऱ्या पाण्यात उभी ठेवायची म्हणजे रोजचं काम आहे, तळाला जस्ताच्या प्लेटा लावाव्या लागतात गंज थांबवायला, रंग, पंप, काही वर्षांनी ड्रायडॉक. त्यासाठी वर्षभर येणारं माणूस आणि तिकिटाचा पैसा पाहिजे. आपली विक्रांत नेव्हीच्या हद्दीत, सुरक्षेच्या आत, सामान्य माणूस वर्षातून थोडे दिवस जाऊ शकणार. मग पैसा येणार कुठून? सॅन दिएगोला मिडवे २००४ मध्ये उघडलं तर ते भर शहरात, धक्क्याला लावलेलं, चालत जाऊन तिकीट काढायचं, आणि आत कोण माहिती देतं तर त्याच नेव्हीतले निवृत्त लोक, स्वतःहून येतात. यॉर्कटाउन ७५ पासून चार्ल्सटनला उभं आहे. त्यांच्याकडे पैसा जास्त आहे हे खरंच, पण जागा आणि जबाबदारी कोणाची हे पहिल्या दिवशी ठरलेलं होतं. आपल्याकडे नेव्ही म्हणणार सरकारने घ्यावी, सरकार म्हणणार पैसे नाहीत.

आणि त्यातून शिकलो का? आपल्या दुसऱ्या विमानवाहू जहाजाचं, विराटचं बघा ना. तीस वर्षं आपल्याकडे, त्याआधी हर्मिस म्हणून ८२ ची फॉकलंडची लढाई केलेली, २०१७ च्या मार्चमध्ये निवृत्त. १८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने साडेआठशे कोटींची योजना मंजूर केली, मालवणजवळ निवतीला म्युझियम करायचं, आमच्या सगळ्यांच्या आशा पल्लवित झाल्या. काही झालं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईतून अलंगला ओढत नेली. कोविडचे दिवस, तरी नेव्हीतले म्हातारे लोक मास्क लावून गेटवेजवळ उभे राहून सॅल्यूट करत होते. मी माझ्या मुलाला घेऊन गेलो होतो. तो तेव्हा नऊ वर्षांचा, त्याने विचारलं बाबा हिला कुठे नेतायत, आणि मला तोडायला हा शब्द तोंडातून काढवेना.

घंटाळी_९

सीवूड्स, तुमच्या भावना पटतात पण मी वेगळं म्हणेन. एवढे शेकडो कोटी लोखंडावर घालण्यापेक्षा त्या माणसांवर घाला ना. विक्रांत गेली पण नाव गेलं नाही, २०२२ च्या २ सप्टेंबरला कोचीला नवी विक्रांत नेव्हीत आली, तोच आर ११ नंबर आणि तेच ब्रीद, जयेम सं युधि स्पृधः. जहाजाचं नाव असं पुढे चालतं. खालच्या माणसाचं नाव कोण चालवतं? ते काम घराघरातलं आहे, त्याला साडेआठशे कोटी लागत नाहीत.

सीवूड्स_४०

घंटाळी, दोन्ही पाहिजे असं माझं म्हणणं. कोपरीकरांचे बाबा ज्या दरवाजावर हात ठेवून उभे राहिले तो दरवाजा आज असता तर आईंना तिथेच नेता आलं असतं. वस्तू असली की माणूस बोलतो. पण तुमचा शेवटचा मुद्दा मान्य.

कागदवाली_ऐरोली

मी जुन्या कागदपत्रांच्या कामात आहे वीस वर्षं, त्यामुळे ट्रंकेबद्दल सांगते, आणि कोपरीकर दादा हे आजच वाचा, रविवारची वाट बघू नका.

सगळ्यात आधी, चिकटलेले फोटो ओढून काढू नका. अजिबात नाही. अल्बमच्या पानासकट फोटो काढा, खिडकीपाशी सावलीत, फ्लॅश बंद, मोबाइल पानाला समांतर धरून. लॅमिनेशन करू नका, दुकानवाला कितीही म्हणाला तरी. लॅमिनेट केलेला कागद परत सुटत नाही आणि आत पिवळा पडतो. मेडल्सना ब्रासो वगैरे लावून चमकवू नका, घासलं की त्यांच्यावर कोरलेला नंबर आणि नाव झिजतं, आणि तोच तर पुरावा असतो की हे मेडल या माणसाचं. मऊ सुती कापडात वेगवेगळी गुंडाळा, एकावर एक नको. मेडलची रिबन बदलायचा मोह होईल, नवी मिळते, पण जुनी फेकू नका.

वही. त्या अंगठ्याच्या ठशाचं पान सारखं उघडू नका, पुसून तर अजिबात बघू नका. प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोऱ्या पानांचा पण, आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमाने. मग वही पांढऱ्या सुती कापडात, पुठ्ठ्याच्या डब्यात. ट्रंकेत परत ठेवणार असाल तर आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात बदला, कोपरी म्हणजे खाडीची हवा, दमट. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून नकोत. आणि फोटोंच्या मागे नावं लिहायची तर साध्या पेन्सिलने, हलक्या हाताने. पेन नाही.

आता जे जास्त महत्त्वाचं ते. आईंना बसवा आणि अल्बम समोर ठेवून मोबाइलवर रेकॉर्ड करा. युद्ध कसं होतं असं विचारू नका, त्याला कोणीच उत्तर देऊ शकत नाही. हा फोटो कोणी काढला, पत्र यायला किती दिवस लागायचे, ७१ च्या डिसेंबरमध्ये तुम्ही कुठे होतात, स्वयंपाकाला काय होतं, असं विचारा. माझ्या अनुभवात माणसं कढी आणि भाताबद्दल बोलता बोलता सगळं सांगून जातात. पंधरा मिनिटं पुरे एका वेळी. आणि वहीतले ते पत्ते! ते तुमच्याकडचं सगळ्यात मोलाचं आहे. पन्नास वर्षांपूर्वीचे असले तरी गावाकडचे पत्ते बदलत नाहीत हो, आडनाव आणि वाडी सांगितली की पोस्टमन किंवा किराणावाला सांगतो घर कुठलं.

मृणालताई, अण्णांचा पास, हजेरीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी काही असेल तर ते पण याच रीतीने ठेवा. डॉकयार्डच्या कामगारांचं असं फार कमी उरलंय.

चीफ_खारघर

कागदवाली ताई बरोबर सांगतायत. मी सर्व्हिस रेकॉर्डचं सांगतो. सेलर लोकांचं रेकॉर्ड मानखुर्दला चीता कॅम्पजवळ ब्युरो ऑफ सेलर्स आहे तिथे असतं, म्हणजे वाशीचा पूल ओलांडला की आलंच. आईंच्या नावाने अर्ज कर, बाबांचा नंबर, डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद जोड. ठाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथली माणसं अर्ज लिहायला मदत करतात, आधी तिथे जा.

आईंना न्यायचं तर फोर्टला लायन गेटसमोर विक्रांतचं स्मारक आहे, विक्रांतच्याच लोखंडातून अर्झान खंबाटांनी घडवलेलं, २०१६ च्या जानेवारीत उघडलं. रस्त्यातच आहे, पास लागत नाही, टॅक्सी अगदी समोर थांबते. आणि कधी गोव्याला गेलात तर वास्कोला बोगमाळोच्या रस्त्यावर नेव्हीचं विमान म्युझियम आहे, तिथे खरं सीहॉक आणि अलिझे उभं आहे. बाबांनी न पाहिलेलं विमान आईंना दाखव. जवळच काही बघायचं तर कल्याणला दुर्गाडीजवळ खाडीकाठी नेव्हीची निवृत्त टी-८० बोट आणून ठेवलीये, लहान आहे, पण ज्या खाडीत शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात केली तिथेच ठेवलीये म्हणून पोरांना आवर्जून दाखवा.

एक आठवलं. फोटोत विक्रांतच्या पुढच्या टोकाला डेक सपाट आहे का वर वळलेला ते बघ. सपाट असेल तर फोटो जुना, कॅटपल्टच्या काळातला. तो वर वळलेला स्की जंप ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बसवला, सी हॅरियरसाठी. फोटोवर तारीख नसली तरी एवढ्यावरून कळतं.

कोपरीकर

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, पण मधे बरंच घडलं.

आईला लायन गेटला नेलं. रविवारी सकाळी, गर्दी नव्हती. तिने चप्पल काढली, मी म्हटलं अगं आई फुटपाथ आहे, तर म्हणाली असू दे. मग पुढे होऊन त्या लोखंडावर तळहात ठेवला. अगदी तसाच, बाबांनी त्या दरवाजावर ठेवला होता तसा. मला बोलवेना. परत येताना टॅक्सीत तिने आपणहून सांगायला सुरुवात केली, ७१ ला लग्न ठरलेलं होतं फक्त, बाबांचं एकही पत्र दोन महिने आलं नव्हतं आणि तिच्या वडिलांना लोक सांगत होते की दुसरीकडे बघा. मी मोबाइल चालू केला आणि ठाण्यापर्यंत बंद केला नाही.

चीफकाका, तुम्हाला वहीचे फोटो पाठवले त्याबद्दल तुमचे आभार कसे मानू. काकांनी फोनवर दीड तास एकेक पान वाचून दाखवलं, डिसेंबरच्या पानांवर ३९० ते ४०० च्या मधे आकडे आहेत ते सलग बारा दिवस. त्याच्या वर एकदाही नाही. काका म्हणाले एवढं सरळ धरून ठेवणं म्हणजे चार तास डोळा गेजवरून हललेला नाही.

आणि यादी. वहीतल्या पत्त्यांपैकी सहा पत्त्यांवर पत्रं टाकली, दोन ठिकाणी फोन लागले. एक घर चिपळूणजवळच्या गावात, तिथल्या दुकानदाराने आधी म्हटलं थांबा हां, आणि पाच मिनिटांनी स्वतः ते काकाच फोनवर आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, बाबांचे मेसमेट, त्याच वॉचला. मी नाव सांगितल्यावर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग यादीचं विचारलं. ते म्हणाले अरे ती पाळ्यांची यादी. वॉच सुटला की वरच्या गॅलरीत एका वेळी एकालाच जायला मिळायचं, विमान उडताना बघायला, थोडा वेळ. प्रत्येकाला बघायचं होतं ना, आपण ज्याच्यासाठी खाली भाजतोय ते कसं दिसतं. म्हणून चिठ्ठ्या टाकून नंबर लावले आणि वही तुझ्या बाबांकडे होती म्हणून त्यांनीच लिहिलं. बाबांची पाळी आली त्या दिवशी या काकांना घरून तार मिळाली होती, त्यांची आई गेल्याची, बरीच जुनी तार, फिरत फिरत आलेली. बाबांनी स्वतःच्या नावावर काट मारली आणि काकांचं नाव परत लिहिलं. म्हणाले तू जा वर, मोकळ्या हवेत बस जरा. नंतर बाबांची पाळी आलीच नाही. काका म्हणाले मी त्या दिवशी वर गेलो आणि मला एक विमान सुटताना दिसलं पण डोळ्यात पाणी होतं, नीट नाही बघता आलं, हे तुझ्या बाबांना मी कधी सांगितलं नाही.

४ डिसेंबरचं असं ठरलंय की भाषण नाही. त्या यादीतली अकराही नावं मोठ्याने वाचायची, मृणालताई अण्णांबद्दल बोलणारेत, चीफकाका वहीचं पान पडद्यावर दाखवून समजावणार, सौरभ व्ही १५ घेऊन येणारे, पोरांना त्या टाकीला हात लावू देणार म्हणाला. कागदवाली ताई दुपारी येऊन ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांना बघून देणार आहेत, तर कोपरी, नौपाडा, कळवा, ऐरोली जवळपास कोणाकडे काही असेल तर घेऊन या, कोणत्याही बोटीचं असू दे, डॉकयार्डचं असू दे, उरणला करंजाच्या डेपोत कामाला असलेल्यांचं असू दे. सीवूड्स, तुम्ही मुलाला आणा.

आणि एक मदत हवीये. चिपळूणचे काका यायला तयार झालेत, सोबत नातू आहे. त्यांचे गुडघे दुखतात, एसटीत एवढा वेळ बसवणार नाही, आणि कार्यक्रम संध्याकाळी पाचला आहे. चिपळूणहून दुपारी चारच्या आत ठाण्याला पोचवणारी आणि ठाण्याला थांबणारी गाडी कोणती बरी पडेल, आणि खालचा बर्थ मिळायला काय करावं लागेल? नेहमी कोकणात जाणाऱ्यांनी प्लीज सांगा, मी स्टेशनवर घ्यायला जाणार आहे.